कडी नको लावू

ही घटना खरी आहे. माझ्या मावशीच्या घरातली आहे आणि तेव्हा मी स्वतः तिथे होतो. एसी दुरुस्त करणाऱ्याच्या तोंडी भुताची गोष्ट ऐकून कुणाला हसायचं असेल, तर खुशाल हसा. मीही आधी हसलोच होतो.

रात्र नव्हती. भर दुपार होती...

साल २०१७, वैशाख महिना. आदिलाबाद जिल्ह्यातलं बेला. आदल्या दसऱ्याला आमच्या एका जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि मावशीचा मुलगा सुधाकर बदली होऊन मंचिर्यालला गेला. केशवकाका, म्हणजे मावशीचे यजमान, त्याआधीच्या उन्हाळ्यात वारले होते. त्यामुळे मथुरामावशी घरात अगदी एकटी राहिली.

सुधाकरनं तिच्यासाठी एसी घेतला. मीच तो बसवला. आता तो खोली थंडच करत नव्हता.

"परवा आई उन्हानं चक्कर येऊन पडली," सुधाकर फोनवर म्हणाला. "एसी नीट झाला तर ठीक. नाही तर मी तिला इकडंच घेऊन येतो."

मावशीला जायचं नव्हतं. मंचिर्यालला शेजारीपाजारी सगळे तेलुगू बोलणारे. तिला पाणी मागण्यापुरतं 'नीळ्ळू' तेवढं यायचं. म्हणजे म्हातारी आपल्या घरात राहणार की नाही, ते त्या एसीवर होतं.

मी गुडीहत्नूरहून मोटारसायकलनं गेलो.

जाळी काढून धुतली. बाहेरच्या युनिटला कापसाची रुई चिकटली होती, ती झाडली. गॅस तपासला. तो बरोबर होता.

एसीसमोर हात धरला. हवा गार होती.

खोली मात्र तापलेलीच...

मागं वळून पाहिलं. दार बोटभर उघडं होतं.

"मावशे, दार उघडं ठेवून एसी लावतं काय? अन् मी गॅस तपासत बसलो. चोर सोडून संन्याशाला फाशी!"

ती हसली नाही.

"म्या नाई उघडलं रे बापू."

मी दार लोटून घेतलं. थोड्या वेळानं पाठीला झळ लागली.

दार पुन्हा बोटभर उघडं होतं...

वाऱ्यानं उघडलं असेल, असं वाटलं. पण अंगणातल्या कडुलिंबाचं एक पानही हलत नव्हतं.

मी कडीला हात घातला.

"कडी नको लावू," मावशी एकदम म्हणाली.

"काऊन?"

उत्तराची वाट न पाहता मी कडी लावलीच. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

खोली गार व्हायला लागली. मी स्वतःवरच खूश झालो.

तेवढ्यात...

दारावर बाहेरून कुणीतरी तळहात टेकवला.

थाप नव्हती ती. दमलेला माणूस भिंतीला हात टेकतो, तसा आवाज. मग तो हात फळीवरून घसरत खाली गेला... उंबरठ्यापर्यंत.

मी दार उघडलं. ओसरीवर कुणी नव्हतं.

एसीचं पाणी ठिबकायचं ती बादली तिथेच होती. मघाशी तळाला पाणी होतं. मी पाहिलं होतं.

आता ती ठणठणीत कोरडी होती.

मी आत आलो. मावशी बाजेवर बसून रडत होती.

"तुहे काका असेच आले होते त्या दिवशी. वावरातून, भर उन्हाचे. झळ येते म्हणून म्या कडी लावून निजली होती. कूलरचा आवाज केवढा! त्याईनं हाका मारल्या असतीन... म्या उठली तवा ते उंबऱ्यात पडून होते. पाणी पाणी करतच गेले असतीन रे."

माझेही डोळे भरून आले. वर्षभर ही बाई हे एकटीच गिळून बसली होती.

"आखाजीले काकाची घागर भरली ना?" मी विचारलं.

अक्षय तृतीयेला आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात. उन्हाळ्यात त्याला तहान लागू नये म्हणून. माणूस गेल्यावरच्या पहिल्या आखाजीला तर कुणी चुकत नाही.

"भरली ना. सुधाकरनं, मंचिर्यालले. म्हणे, आता आपलं घर हेच."

माझ्या अंगावर काटा आला.

काका निजामाच्या राज्यात जन्मले. मग हैदराबाद राज्य झालं, आंध्र झालं, तेलंगणा झाला. काका हसून म्हणायचे, "राज्यं बदलून राह्यली, माहा उंबरा तोच हाय." जिल्ह्याचे चार तुकडे झाले, हे तर त्यांना कळलंही नव्हतं.

ते मंचिर्यालला कशाला जातील?

मी कुंभाराकडून घागर आणली. मावशीनं ती भरून उंबरठ्याबाहेर ठेवली, वर खरबूज ठेवलं. मी कडी लावली.

दार उघडलं नाही. हात टेकला नाही. संध्याकाळपर्यंत मावशीला गोधडी घ्यावी लागली.

घागर मात्र अर्धी झाली होती... नवी घागर पाझरते, मला माहीत आहे. पण खालची जमीन कोरडी होती.

काही दिवसांनी बेल्याला गेलो, तेव्हा सहज मावशीकडे डोकावलो.

एसी चालू होता. खोली भट्टीसारखी तापलेली. दार बोटभर उघडं. घागर ओसरीच्या कोपऱ्यात पालथी घातलेली.

मावशी बाजेच्या अगदी कडेला बसली होती. घामानं लुगडं भिजलेलं. शेजारची जागा मोकळी होती. तिथे भरलेला तांब्या होता.

"मावशे, हे काय?"

"पाणी बाहेर भेटलं का ते बाहेरूनच जातेत रे. अंदर ठेवलं तं अंदर येतेत." ती हळूच म्हणाली, "माह्याजवळ दुसरं हाय कोण? सुधाकरले सांगजो, मशीन चांगली चालते."

मला भीती वाटली. काकांची नाही, तिची.

निघताना सवयीनं दार ओढलं. कडीकडे हात गेला...

"कडी नको लावू, बापू. त्याईची वेळ झाली."

अजूनही दर उन्हाळ्यात तिचा फोन येतो. "मशीन चांगली चालून राह्यली. तू नको येऊ." मागे दार करकरलेलं ऐकू येतं. मी सुधाकरला तेच कळवतो. बरोबर करतो की चूक, मला ठाऊक नाही.

माझ्या घरीही एसी आहे. गार हवा बाहेर जाते म्हणून बायको ओरडते. पण दुपारच्या वेळी मी दाराला कडी लावू देत नाही.