बाहेरून लावलेली कडी

दुपार कलली नव्हती. ऊन असं रखरखत होतं की रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. खांद्याला हत्यारांची पिशवी लावून धाकटा जिना चढत होता. वरच्या मजल्यावर शाळेतल्या एक बाई राहत. त्यांची चावी हरवली होती, दार उघडून द्यायचं होतं. काम रोजचंच. बाई वरच्या पायरीवर त्याची वाट बघत थांबल्या होत्या.

धाकटा म्हणजे कुलूपवाल्या दोघा भावांतला धाकटा. केस पिकले तरी गल्लीत त्याला सगळे धाकटाच म्हणत. बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही. दुकानामागच्या खोलीत तो राही आणि दादाकडे, म्हणजे थोरल्याकडे, जेवी. त्यांच्या बापानं धंद्याची एक रीत घालून दिली होती. कुलूप उघडलं की दाराकडे पाठ करून उभं राहायचं. घरधनी आत जाऊन हाक मारेपर्यंत मान वळवायची नाही. लोक म्हणत, ही माणसं दार उघडतात, पण घर बघत नाहीत. ह्या भरवशावरच दुकान चाललेलं होतं.

धाकट्यानं कुलपात तार सरकवली आणि सवयीनं दाराला कान लावला. जिन्यात सगळं चिडीचूप होतं. तेवढ्यात आतून, अगदी फळीला ओठ टेकवून बोलावं तसं, कुणी तरी म्हणालं, "उघड ना रे बाळा…"

बाईमाणसाचा आवाज. पाठोपाठ ओल्या केसांचा वास.

"उघडतोय गं. जरा दम धर," तो पुटपुटला.

कुलूप खटकन सुटलं. धाकटा पाठ करून उभा राहिला. बाई आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या.

"अहो, तुम्ही कुणाशी बोलत होता? घरात तर कुणी नाही."

धाकटा घाईनं पिशवी आवरू लागला. पावसाळ्यापासून हे असं चाललं होतं. कुठलंही बंद घर असो, आतून तोच आवाज. झोप उडाली होती, हात कापायला लागले होते, आणि ही गोष्ट त्यानं अजून कुणाजवळ काढली नव्हती. बाईंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. पाण्यापेक्षा त्या खुर्चीनंच त्याला भडभडून आलं. त्यानं सगळं सांगून टाकलं.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सरकारी दवाखान्यात मागच्या अंगाला एक डॉक्टरीणबाई बसतात. मनाच्या. मीही जाते त्यांच्याकडे. मध्यंतरी नुसती रडत बसायचे मी."

"शाळेत माहीत आहे?"

"छे हो! कळलं तर पोरं काढून घेतील माझ्या वर्गातून. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही लोक घर बघत नाही म्हणे."

दोघंही जरासे हसले. कितीतरी दिवसांनी त्याला हसू आलं होतं.

संध्याकाळी दादा दुकानात चावीला कानस मारत बसला होता. धाकट्यानं मनाची तयारी करत विषय काढला.

"दादा, मला बंद दारामागून आवाज येतात."

"कानात मळ साचला असेल लेका. तेल घाल."

"बाईचा आवाज येतो. उघड म्हणते."

कानस थांबली. दादाचा चेहरा असा उतरला की धाकट्याला वाटलं, ह्याच्या छातीत कळ आली.

"कुणाकुणाला बोललास?" दादानं विचारलं. पहिलं हेच विचारलं.

"शाळेतल्या बाईंना. त्या म्हणाल्या, डॉक्टरला दाखवा. उद्या जाईन म्हणतो."

दादानं कानस खाली ठेवली. मग उठून जवळ आला आणि त्यानं धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला. "एकटा कशाला जातोस? मी येतो. दुकान बंद ठेवू एक दिवस. ती पिशवी दे इकडे, किती ओझं वागवशील? जेव आणि शांत झोप. मी आहे ना."

मी आहे ना. एवढ्या शब्दांवर धाकटा लहान मुलासारखा झोपला.

सकाळी त्यानं आतली कडी काढली, दार ओढलं. दार हललं, पण उघडलं नाही. परत ओढलं. बाहेर लोखंड लोखंडावर वाजलं. फटीला डोळा लावला तर नवीकोरी कडी, तिच्यात कुलूप. कुलूप त्यांच्याच दुकानातलं. सगळ्या गावाची दारं उघडणारा माणूस, हाताशी साधी तारही नाही. पिशवी आदल्या संध्याकाळीच गेली होती. त्याच्या हातानंच गेली होती.

"दादा?"

बाहेर कुणीतरी श्वास घेत उभं होतं.

"थोडे दिवस," दादा हळूच म्हणाला. "बरं वाटलं की काढतो. जेवण खिडकीतून देईन."

"तू मला डॉक्टरकडे नेणार होतास."

"तिथं अर्धं गाव बसलेलं असतं रे. उद्या बोभाटा होईल. वेड्याच्या हातात आपल्या घराची चावी कोण देईल? माझी पोरं आहेत, दुकान आहे…"

"म्हणून मला कोंडलंस?"

"बाबांनीही आईला असंच सांभाळलं."

धाकट्याला काही समजेना. "आई तर मामाकडे गेली होती. तिकडेच वारली."

बाहेर चपला जागच्या जागी घासल्या.

"दादा… आई मामाकडेच गेली होती ना?"

"तू लहान होतास," दादा म्हणाला. "कडी बसवताना बाबांना स्क्रू मीच देत होतो." आणि पावलं लांब गेली.

धाकटा दाराला टेकून खाली बसला. ह्या दाराच्या बाहेरच्या अंगाला चार भोकं होती, रंगाऱ्याची लांबी भरून बुजवलेली, वरून रंग दिलेली. लहानपणापासून तो ती बघत आला होता. परक्याच्या दारावरचा ओरखडा पाहून कुलूप किती जुनं ते सांगणारा तो, पण आपल्या दारावर ही भोकं कसली, हे त्यानं जन्मात विचारलं नव्हतं. घर बघायचं नाही, ही रीत त्यानं स्वतःच्या घरीही पाळली होती. लहानपणी ह्या खोलीतून टकटक ऐकू यायची. उंदीर आहेत, बाबा म्हणायचे. आणि मागे, त्याच्याही आधी, आई खिडकीत बसून बाबांचे सुटे स्क्रू लावून ठेवायची. आखूड ते लांब, डोकी भिंतीकडे, टोकं खिडकीबाहेर.

दिवस वर चढला. खोलीत तेलकट लोखंडाचा वास होता. हळूहळू त्याच्यात दुसरा वास मिसळला… ओल्या केसांचा.

"बाळा…"

आवाज आज बाहेरून येत होता.

"सरक रे. दारापासून सरक."

तो सरकला. बाहेर काहीतरी फिरायला लागलं. करर… करर… लाकडातून स्क्रू निघताना येतो तसा आवाज. एक निघाला. थांबलं. पुन्हा करर…

मग दार आपलं आपण आत आलं.

दारात कुणी नव्हतं. कडी कुलपासकट जमिनीवर पडली होती, कुलूप तसंच बंद. आणि खिडकीच्या बाहेरच्या कठड्यावर चार स्क्रू ओळीनं मांडलेले. आखूड ते लांब, डोकी भिंतीकडे.

धाकट्यानं त्यांना हात लावला नाही. तो तसाच अनवाणी दवाखान्यात गेला. मागच्या अंगाच्या त्या खोलीशी पोचल्यावर सवयीनं दाराकडे पाठ करून उभा राहिला. "आत या ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा कुठं वळला.

औषधं सुरू झाली. झोप परतली, हाताचा कंप गेला. आवाज विरत विरत गेला आणि एक दिवस त्याच्या ध्यानात आलं की दारामागं आता नुसती शांतता आहे. दादाकडे तो परत गेला नाही. बाजारात नव्या हत्यारांची पेटी मांडून बसू लागला. लोक आधी बिचकले, मग यायला लागले. सगळे नाही आले.

हिवाळ्यात एका संध्याकाळी दादा पेटीसमोर येऊन उभा राहिला. गालफडं बसलेली, डोळे खोल.

"त्या खोलीला मी परत कडी लावली," तो म्हणाला. "रिकामीच आहे. तरी आतून… धाकट्या, तुलाही येतो ना अजून आवाज?"

"नाही दादा. मला नाही येत आता."

दादाला ते ऐकून आणखीच भ्याल्यासारखं झालं.

"माझ्याबरोबर चल," धाकटा म्हणाला. मनातला सल गेला नव्हता, तरी म्हणाला. "आत्ता चल. मी बसतो तुझ्याजवळ."

"नको नको. कुणी पाहिलं तर दुकान बसेल." दादानं इकडेतिकडे बघितलं, खिशातून मूठ काढली आणि पेटीवर उघडली. "रोज सकाळी हे खिडकीत मांडलेले असतात. तूच काय ते बघ." आणि तो गर्दीत निघून गेला.

धाकट्यानं स्क्रू हातात घेतले. चार त्या दाराचे, ते त्यानं लगेच ओळखले. त्यांच्यात एक जास्तीचा होता, पितळी. त्यालाही त्यानं ओळखलं. तो त्यानं स्वतःच बसवला होता. दादाच्या निजायच्या खोलीला.

आतल्या कडीला.