पाफोसची कोरडी वेदी

अफ्रोदिती देवीच्या शिळेवरचा सोन्याचा हार भर दुपारी, पावसात नाहीसा झाला आणि आळ आला मिर्तोवर. देवळात पाणी भरणारी सतरा वर्षांची पोर! सूर्य मावळताच तिला कड्यावरून लोटणार होते.

तिच्या आईने धावत जाऊन फिलोनिसचे पाय धरले. लपवलेली वस्तू आणि लपवलेलं खोटं हुडकण्यात या विधवेचा हात धरणारं पाफोस गावात कुणी नव्हतं. सोबत तिचा दीर दामास निघाला. माणूस धिप्पाड, पण डोक्याने जरा सावकाश.

पाऊस नुकताच थांबला होता. देवळाच्या अंगणातल्या, पावसात कधीच भिजत नाही म्हणतात त्या उघड्या वेदीला टेकून दामास पायांचा चिखल काढू लागला.

"भावोजी, सरका! वेदी आहे ती, घरचा ओटा नव्हे. पाठीला राखेचा लेप बसलाय बघा."

देवळात हात बांधलेली मिर्तो रडत होती. "पाऊसभर मी मागे कबुतरांना दाणे टाकत होते, मावशी. एकटीच."

देवळापाशी फुलं विकणारा ओनासास मात्र छाती पुढे काढून उभा होता. "पाऊस सुरू झाल्यापासून थांबेपर्यंत मी वेदीपाशी होतो. चिंब भिजलो, पण वेदीवर थेंब नाही. देवीचा महिमा! तेवढ्यात ही हार लपवून बाहेर पडताना दिसली."

"ओनासास जुना माणूस आहे," म्हातारी पुजारीण तिमारिस्ता हळूच म्हणाली.

"पोर गेली, वहिनी," दामास कुजबुजला.

"पाठ फिरवा, भावोजी. सगळ्यांना दिसू दे."

दामासने पाठ फिरवली.

"भावोजींचे कपडे कोरडे होते, आणि कोरड्या राखेचा लेप होत नाही," फिलोनिस म्हणाली. "आज वेदी भिजली. तिथे उभा असलेला माणूस ते बघतोच. ओनासासने लहानपणी ऐकलेलं सांगितलं, डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मग सगळे आडोशाला पळाले तेव्हा हा होता कुठे? गाभाऱ्यात!"

"पाखंडी बाई!" ओनासास ओरडला. "ती वेदी कधीच भिजत नाही!"

गर्दी खवळली. कुणीतरी दगड उचलला. फिलोनिस जागची हलली नाही. तिने फक्त पुजारणीकडे पाहिलं. "आजी, आता तुम्हीच बोला."

तिमारिस्ता पुढे आली. तिने मिर्तोकडे पाहिलं.

"भिजते," ती म्हणाली. "दर पावसानंतर लोक यायच्या आत मीच पुसते. चाळीस वर्षं झाली. आज या गोंधळात राहून गेलं."

दगड खाली पडला. दामासने ओनासासची टोपली उपडी केली, तशी फुलांबरोबर सोन्याचा हार बाहेर आला.

म्हातारीने स्वतः मिर्तोच्या हातांचा दोर सोडला. आईने लेकीला घट्ट कवटाळलं.

"वहिनी, आता लोक देवीला नावं ठेवतील."

"ठेवू देत," फिलोनिस म्हणाली. "पोर घरी चालली."