तीन रंगांचे वाळवण

धावत गच्चीवर पोहोचलेल्या रत्नप्रभेला आधी दिसला तो आईचा स्टीलचा डबा. तो छातीशी कवटाळून, चिंब भिजून, हसत उभा असलेला उंच तरुण तिला नंतर दिसला. चैत्रातला अवकाळी पाऊस टाकीच्या झाकणावर ताशा वाजवत होता.

"वाचलं सगळं!" तो म्हणाला. "बादल दाटले... मी विचार केला, कुणाचं तरी वाळवण आहे. समेटून घेतलं."

"तीन वेगळ्या चादरींवर होतं ना ते?"

"हो, पांढरं, लाल, काळं. शेजारी हा डबा होता, सगळं ह्यात मावलं!"

कारखान्याच्या वसाहतीत एक अलिखित कायदा होता: आभाळ भरून आले की जो घरी असेल त्याने साऱ्या इमारतीचे वाळवण उचलावे. कुरडया कुणाच्या नि पापड कुणाचे, हे मागाहून ठरे. कायदा करणाऱ्यांपैकी कुणालाही प्रबंध लिहायचा नव्हता, एवढीच त्यातली उणीव.

रत्नप्रभेने झाकण उघडले. किन्वा या परदेशी धान्याचे तीन वाण, मोहरीएवढे दाणे, एकजीव झालेले.

"आपण कोण?" तिचा आवाज इतका शांत होता की तरुणाचे हसू मावळले.

"अच्युत गर्दे. वरच्या मजल्यावर नवीन आलोय. ग्वाल्हेरचा."

"गर्दे, तुम्ही माझी तीन वर्षं एका डब्यात भरलीत."

घरी येऊन ती रडली नाही. रडणे सरांना सोयीचे झाले असते. तिच्या मार्गदर्शकांचे मत ठाम होते: किन्वा म्हणजे पांढरा, बाजारात तोच खपतो; तेल तर तिन्हींत सारखेच, मग लाल-काळ्याचा खटाटोप कशाला? त्यांनी निष्कर्ष आधीच लिहून ठेवला होता. धान्याने त्यावर सही करणे तेवढे उरले होते. शुक्रवारी तेल तपासायच्या यंत्रावर तिची पाळी होती. ती हुकली की काळा वाण प्रबंधातून कायमचा जाणार, आणि नवे पीक हाती यायला पुढचा हिवाळा उजाडणार.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात अच्युत उभा राहिला. हातात दिवा बसवलेले भिंग आणि दोन चिमटे.

"मी कारखान्यात टर्बाइनच्या पात्यांवरचे तडे शोधतो," तो म्हणाला. "केसाएवढेसुद्धा दिसतात. दाणे दिसणार नाहीत?"

आईने मुलीकडे पाहिले. मुलीने ताटे मांडली.

व्हरांड्यात निवडणे सुरू झाले. दाणे कोरडे राहिले होते. पाऊस त्याने सगळा स्वतःवर घेतला होता. ही गोष्ट रत्नप्रभेने नोंदवली, पण बोलून दाखवली नाही.

"हा लाल की काळा?"

"शंका आहे?"

"थोडीशी..."

"मग वाटीत. शंकेचा दाणा ताटात नको."

"माणसांनाही हाच नियम?"

"माणसांना याहून कडक."

अच्युतने तो दाणा वाटीत टाकला. मग, मान वर न करता – "अन् मी? ताटात की वाटीत?"

"निवडणं चालू आहे," ती म्हणाली. भिंगाच्या उजेडात तिच्या ओठांची कड मात्र जराशी हलली, आणि केसाएवढे तडे शोधणाऱ्याला ती दिसली.

शुक्रवार गाठला. पुढच्या परिसंवादात रत्नप्रभेने आरंभीच सांगून टाकले: वाण मिसळले होते, हाताने निवडले, संशयित दाणे बाद केले.

सरांचा चेहरा उजळला. "मग लाल-काळे वगळूनच टाका. तेल तसंही सारखंच आलंय ना?"

"जवळपास सारखं, सर. त्यातलं बहुतेक हृदयाला हितकर, हेही तिन्हींत. पण तेलाला खवट होऊ न देणारं ई जीवनसत्त्व काळ्यात सर्वांत जास्त, मग लालमध्ये, पांढऱ्यात सर्वांत कमी. दाण्यांनी सांगितलंय ते मी खोडणार नाही. काळा वगळायचा असेल तर प्रबंधावरून माझं नावही वगळा."

सर पाणी प्यायले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी काळ्या वाणाचा आलेख पुन्हा दाखवायला सांगितला. काळा वाण प्रबंधात राहिला.

त्या संध्याकाळी तिने अच्युतला जेवायला बोलावले. पानात वाटीतल्या संशयित दाण्यांची खिचडी होती.

"जरा कडसर आहे..." तो चाचरत म्हणाला.

"कडवटपणा सालीत असतो. फेस थांबेपर्यंत पाणी बदलत धुवायचं. मी घाई केली."

"तुम्ही? घाई?"

"तुम्ही यायच्या आत व्हायला हवी होती."

त्याने चमचा खाली ठेवला. "एक सांगायचं होतं. बदलीची ऑर्डर आलीय... पुढच्या महिन्यात झाशी."

बाहेर कारखान्याचा भोंगा झाला. रत्नप्रभा उठली, कपाटातून भिंग आणि दोन्ही चिमटे घेऊन आली. अच्युतने हात पुढे केला – निरोपच तो, असे समजून. तिने एक चिमटा त्याच्या तळहातावर ठेवला. दुसरा आणि भिंग स्वतःकडे ठेवले.

"हे... अर्धंच?"

"उरलेलं न्यायला यावं लागेल. नवं पीक हिवाळ्यात येईल, तेही निवडायचंय. झाशीचं वसाहतीत कालच कळलं; तिथून गाड्या आहेत, मी चौकशी केलीय. आईलाही सांगून ठेवलंय."

"आईंना काय सांगितलंत?"

"की शंका उरलेली नाही."

अच्युतने चिमटा खिशात ठेवला, ताट जवळ ओढले आणि कडू खिचडी आणखी वाढून घेतली.