सिक डबा

ही गोष्ट खोटी वाटली तर खुशाल खोटी समजा. पण खाली कमेंटमध्ये हुशारी झाडू नका. हे माझ्या सख्ख्या मामासोबत घडलंय, आणि यात जो माणूस गेला त्याला खांदा द्यायला मी स्वतः होतो.

नागपूर. हुडकेश्वर. गेल्या वर्षीचा नवतपा.

बाहेरच्यांसाठी सांगतो, नवतपा म्हणजे पंचवीस मेपासूनचे ते नऊ दिवस, ज्यात कुत्रंसुद्धा उभ्या गाडीखालून बाहेर येत नाही.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती.

भर दुपारचे अडीच वाजले होते...

सुमंतमामाला एकच नाद. जुन्या मालगाडीच्या डब्यांची हुबेहूब छोटी मॉडेलं बनवायची. खेळणी म्हटलं की त्याचं डोकं फिरतं. तो पातळ प्लास्टिकची शीट कापून बाजू बनवतो, भिंगाखाली एकेक रिव्हेट बसवतो, गेरूसारखा तांबूस रंग चार वेळा घोटून जुळवतो. डब्याचा नंबर, रिकाम्या डब्याचं वजन, पुढच्या दुरुस्तीची तारीख, सगळं खऱ्या डब्यावर जिथं होतं तिथंच आणि त्याच वळणाच्या अक्षरात.

त्याचा एक नियम आहे. जे फोटोत आहे ते डब्यावर. जे फोटोत नाही ते डब्यावर नाही.

हा नियम शौकातून आलेला नाही. रागातून आलाय.

मामाचे वडील, म्हणजे माझे आजोबा विश्वनाथ, रेल्वेत मालगाड्या तपासायचे. कोणत्या यार्डात ते सांगणार नाही. हातोडीनं एकेक चाक वाजवायचं आणि कान द्यायचा. चांगलं चाक टण्ण वाजतं. तडा गेलेलं चाक वाजतं... थड्.

असा डबा सापडला की त्यावर खडूनं लिहायचं, 'सिक'. म्हणजे डबा आजारी आहे. त्यानं यार्डाबाहेर जायचं नाही. आणि ज्यानं खडू मारला त्यानंच, दुरुस्ती पाहून, तो पुसायचा. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

एक्याऐंशी साली असा एक डबा बाहेर गेला.

चाक फुटलं. डबा उलटला. रुळांवर काम करणारा दादाजी नावाचा गँगमन खाली सापडला.

चौकशीत डब्यावर खडूची रेघही दिसली नाही. आजोबांची नोकरी गेली.

"मी लिहिलं होतं. कोणीतरी पुसलं." आजोबा हे मरेपर्यंत सांगत राहिले. ताटावर बसले की सांगायचे. पाहुणा आला की त्यालाही सांगायचे. दोन हजार तीन साली गेले तेव्हाही त्यांच्या चेहऱ्यावर शांती वगैरे नव्हती. राग होता. मी पाहिलाय.

त्यांच्यावर कोणीच विश्वास ठेवला नाही. खरं सांगायचं तर आम्हीही नाही.

सगळ्यात कमी विश्वास मामाचा. रेल्वेचं क्वार्टर सुटलं तेव्हा तो बारा वर्षांचा होता. शाळेत पोरं त्याला 'माणूस मारणाऱ्याचा पोरगा' म्हणायची. बाप रोज तेच दळण दळायचा आणि मामा मान खाली घालून जेवायचा. तो राग आत साचत गेला.

गेल्या वर्षी एका ओळखीच्यानं त्याला चौकशीतल्या फोटोची प्रत आणून दिली. उलटलेला डबा, पूर्ण बाजू, स्पष्ट.

खडू नव्हताच!

जूनच्या पहिल्या आठवड्यात सीताबर्डीच्या एका हॉलमध्ये मॉडेलांचं प्रदर्शन होतं. मामानं ठरवलं, हाच डबा मांडायचा.

तारामामी भडकली. "जगात दुसरे डबे नाहीत का? बाबांचाच काहून बनवून राहिले?"

"खरं आहे ते बनवून राहिलो."

"मेल्या माणसाला चारचौघांत खोटं पाडायचंय तुम्हाला."

"फोटोनं पाडलंय," मामा म्हणाला. "मी नाही."

पंचवीस तारखेला डबा तयार झाला. फोटोत दाराच्या उजवीकडे धुळीचा एक फिकट पट्टा होता. मामानं तोसुद्धा रंगवला. डबा जुना दिसावा म्हणून हे लोक खडूची पूड ब्रशनं लावतात. तशी पूड लावून, वर पारदर्शक वॉर्निश मारून त्यानं पट्टा हुबेहूब आणला.

मामी आणि चिन्मयी, म्हणजे मामाची मुलगी, आतल्या खोलीत झोपल्या होत्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. फक्त कूलरची घरघर.

मामा पाणी पिऊन परत आला.

पट्ट्यावर एक पांढरी रेघ होती...

तांदळाच्या दाण्याएवढी. खडूची.

पूड सांडली असेल. त्यानं ओलं फडकं घेतलं आणि पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा अडीच. मामा टेबलाशी बसला होता.

कूलर चालू होता. पातं फिरत होतं. पण आवाज...

आवाज येत नव्हता.

कानात बोटं घातल्यासारखं सगळं बंद. आणि त्या शांततेत, अगदी जवळून...

टण्ण.

टण्ण.

टण्ण.

मामानं मोजलं. चारचाकी डबा. चौथं चाक राहिलं होतं.

थड्.

पुढच्या क्षणी कूलर पुन्हा घरघरू लागला. पट्ट्यावर आता दोन रेघा होत्या, आणि एक वळण.

मामा घाबरला का? नाही. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं ते पुसलं. अठ्ठावीस तारखेला तिथं अख्खा शब्द होता. भिंगाखाली धरला तेव्हा वाचता आला.

सिक.

'क'चा शेपटा खाली ओढलेला. आजोबा तसाच 'क' काढायचे.

"चिन्मयी!" मामा एवढ्यानं ओरडला की शेजारचे बाहेर आले. "तुझ्या आजोबाचं अक्षर गिरवून राहिली काय? माझी मजाक करून राहिली?"

"बाबा, मी तुमच्या टेबलाला हात तरी लावते का कधी?" पोरगी रडायला लागली. मामी मध्ये पडली. मामानं दोघींकडे पाठ फिरवली आणि फडकं घासून घासून शब्द काढला. "आयुष्यभर ऐकलं तुमचं," तो डब्याकडे पाहून पुटपुटला. "आता नाही ऐकणार."

मग डबा काचेच्या पेटीत ठेवला. कुलूप लावलं.

तीस तारखेला शालिकराम आला.

शालिकराम आजोबांच्या हाताखालचा खलाशी, म्हणजे यार्डातला मदतनीस, वय ब्याऐंशी. त्या डब्याला प्रत्यक्ष पाहिलेला एवढा एकच माणूस उरला होता. तो मौद्याला राहायचा, पण आठवडाभरासाठी इथं आपल्या मुलीकडे, रोशनीकडे, दोन गल्ल्या पलीकडे आला होता. चाकाजवळचे दांडे बरोबर जमलेत का, एवढंच मामाला विचारायचं होतं. सकाळी या म्हटलं होतं. म्हातारा आला भर दुपारी, डोक्याला ओला दुपट्टा बांधून, अंगात विटका निळा सदरा.

"सकाळी पोरगी निघू देत नाही, गा," तो म्हणाला. "आता झोपली, त आलो."

मामीनं पन्हं दिलं. मामानं कुलूप काढून डबा त्याच्यासमोर ठेवला.

शालिकराम हसत पुढे वाकला. नंबर वाचला.

हसू गेलं.

त्याचं बोट डब्यावरून सरकत दाराच्या उजवीकडे आलं. फिकट पट्ट्यावर थांबलं.

"हे कोणं केलं?"

"मी. धूळ आहे. फोटोत आहे तशीच."

"धूळ नाही, बापा..." म्हाताऱ्यानं बोट मागे घेतलं. "हे माह्यं फडकं आहे."

मामाला आधी कळलंच नाही.

"साहेबानं सिक लिवलं होतं. म्या पायलं होतं. मंग मोठा साहेब आला. गाडी लेट होऊन राहिली म्हणे, मार फडकं. म्या मारलं. ओलं फडकं होतं. त्याचाच पट्टा आहे हा."

मामी दारात खिळली.

"चौकशीत काहून नाही बोलले?" तिनंच विचारलं.

"तीन लेकरं होती, बाई. मोठ्या साहेबानं सांगतलं, तोंड उघडशील त तूही घरी जाशील." तो रडत नव्हता. नुसता धापा टाकत होता. "आता काय रायलं माह्यं? सुमंत, तू कागद आण. म्या सही देतो. तुह्या त्या पदर्शनात चार लोकाइसमोर उभा राहून सांगतो. साहेबाचं नाव साफ होऊ दे."

चव्वेचाळीस वर्षं! चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि जे एक वाक्य आजोबांनी जन्मभर मागितलं ते वाक्य हा माणूस आज पन्हं पिऊन बोलत होता. लिहिताना मलाच राग येतोय. मामाचं काय झालं असेल?

त्यानं कागद आणला नाही.

त्यानं म्हाताऱ्याचा दंड धरून त्याला उभं केलं. "निघा."

"सुमंत..."

"माझ्या घरातून निघा! माझ्या बापाला मी खोटं म्हटलं तुमच्यामुळे. मेल्यावरसुद्धा म्हटलं. निघा!"

"अहो, ऊन पाहा किती आहे," मामी म्हणाली. "स्कूटरवर सोडून तरी द्या."

"आला तसा जाईल."

 शालिकरामनं दुपट्टा पुन्हा बांधला. तो आता वाळला होता. चप्पल घालायला तो पाठमोरा वाकला...

आणि कूलरचा आवाज बंद झाला.

टण्ण.

टण्ण.

टण्ण.

थड्.

मामानं पाहिलं. निळ्या सदऱ्यावर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, वीतभर मोठ्या अक्षरांत...

सिक.

'क'चा शेपटा खाली ओढलेला.

त्याच्या मागे कोणी नव्हतं. तो आला तेव्हा पाठ कोरी होती. मामी पन्ह्याचा पेला घेऊन आत वळली होती.

मामाला त्या शब्दाचा अर्थ शिकवायची गरज नव्हती. तो लहानपणापासून जेवणाच्या ताटावर ऐकत आला होता. यानं इथून बाहेर जायचं नाही.

त्यानं काय केलं असेल?

"धूळ लागली, काका," तो म्हणाला. आणि तळव्यानं पुसलं. एकदा. मग उरलेला 'क' पुन्हा एकदा, नीट.

मग दार उघडून दिलं.

शालिकराम पहिली गल्ली ओलांडू शकला नाही. विजेच्या डीपीजवळ पडला. साडेतीनला दूधवाल्यानं पाहिलं तेव्हा ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवलेला कांदा बाजूला घरंगळला होता आणि सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले उष्माघात. त्या आठवड्यात शहरात आणखीही गेले. कोणाला काही वेगळं वाटलं नाही.

रोशनी मात्र ओसरीवर बसून सारखी विचारत होती, "बाबा कोणाकडे गेले होते? भर उन्हात त्याइले कोणं सोडलं?"

मामा समोर उभा होता. तो तिरडी बांधणाऱ्यांच्या बाजूला सरकला.

डबा प्रदर्शनात गेलाच नाही. मामा आठवडाभर रोज अडीचला त्याच्यासमोर बसला. हात जोडले. "बाबा, चुकलो," म्हणाला. "एकदा लिहा. मी सगळ्यांना दाखवतो." शेजारी खडू ठेवला.

काहीच आलं नाही. आवाजही नाही. कूलर आपला घरघरत राहिला.

आजोबांच्या बाजूनं बोलणारा एकमेव साक्षीदार होता, आणि तो आता उरला नव्हता. आता मामा कोणाला सांगणार? मामीनंही ऐकलं होतं, पण घरच्यांचं कोण ऐकणार? खोट्या माणसाचा पोरगा बापाची बाजू घेऊन राहिला, एवढंच लोक म्हणतील. आजोबा जसे बोलत राहिले तसाच मामा आता बोलत राहतो. पाहुणा आला की त्याला सांगतो. चिन्मयी मान खाली घालून जेवते.

सदऱ्याचं त्यानं फक्त मला सांगितलं. दिवाळीला. गच्चीवर.

माझाही तोल सुटला. "मामा, अरे तू ते वाचलं होतंस ना? मग पुसलंस काहून?"

तो आपल्या तळहाताकडे पाहत होता.

"राग आला होता मला," तो म्हणाला.

तेव्हापासून त्याला एक सवय लागली आहे. घराबाहेर पडताना तो उंबऱ्यावर थांबतो. मामीकडे पाठ करतो.

"तारा, मागे काही लिहिलंय का बघ."

मामी रोज बघते. रोज लगेच म्हणते, "नाही. जा."

परवा मी तिथंच होतो. मामा थांबला. पाठ केली. विचारलं.

मी बाजूला होतो, मला त्याची पाठ दिसत नव्हती. फक्त मामीचा चेहरा दिसत होता.

ती "नाही" म्हणाली.

पण जरा उशिरा...