हालचाल आढळली, पुन्हा घ्या

वीज गेली होती, म्हणून सगळी पोरं गच्चीत जमली होती. काका एका तपासणी केंद्रात लिफ्ट चालवायचे. ते म्हणाले, "भूतबीत मी मानत नाही. पण हे आमच्या मशीनवाल्या भाऊंच्या बाबतीत घडलं. खोटं वाटलं तर खुशाल झोपायला जा."

कोणी उठलं नाही.

गेल्या वर्षीचा मार्च, दुसरा बुधवार. एमआरआय मशीन दिवसभर बंद होतं, दुरुस्ती रात्री उरकली. पेशंटचा जबडा ज्यात धरून ठेवतात, तो साचा बदलला होता, म्हणून त्यावर एक चाचणी घ्यायची राहिली होती. पाण्याची बाटली साच्यात ठेवायची, तिचं चित्र काढायचं, घरी जायचं. भाऊंनी बायकोला फोन केला, ताट झाकून ठेव, अर्ध्या तासात पोचतो.

केंद्रात तेव्हा जबड्याच्या सांध्याची चित्रं तपासणारा एआय नवाच आला होता. तोंड उघडताना कानापुढे जो सांधा हलतो, त्यातली चकती सरकलीय का, ते तो सांगायचा. हुशार, पण खडूस. चित्र जरा हललं की पडद्यावर लाल पाटी : 'हालचाल आढळली. पुन्हा घ्या.' पेशंटने दातांत रबरी ठोकळा धरून, आ वासून, मुडद्यासारखं पडून राहायचं. ज्याचा जबडाच दुखतो, त्याला हे जमावं कसं? भाऊ म्हणायचे, हा लंगड्याला सांगतो, आधी पळून दाखव, मग पाय बघतो.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचं तेच झालं. तीनदा आल्या, तीनदा लाल पाटी. घरचे म्हणत, नाटकं आहेत, कामाचा कंटाळा. बाईंना औषधाचीही आशा नव्हती. दुखतंय ते खरं आहे, एवढं कागदावर हवं होतं. तिसऱ्या खेपेला भाऊंचाही तोल गेला. "ताई, जरा सोसा की. बाहेर रांग लागलीय."

बाईंनी ठोकळा तोंडातून काढला. म्हणाल्या, "पुढच्या वेळी नाही हलणार."

पुढची वेळ आलीच नाही. धड खाता येत नव्हतं, अंगात काही उरलं नव्हतं. साध्या तापाचं निमित्त झालं नि गेल्या.

तर त्या रात्री भाऊंनी बाटली ठेवली, दार लावलं, मशीन चालू केलं.

लाल पाटी.

भाऊ वैतागले. आत जाऊन पट्टा आवळला. पुन्हा लाल पाटी. मग कंपनीला फोन. तिकडचा पोरगा जांभई देत म्हणाला, सर, पेशंटला स्थिर राहायला सांगा.

"अरे बाबा, पेशंट नाहीये. बाटली आहे."

तिकडे कळफलकाची टकटक झाली. "पण सर… इथे दिसतंय, तोंड अर्धवट उघडलंय."

भाऊंनी फोन ठेवला.

तिसरी खेप. मशीन खडखडू लागलं. भाऊ काचेतून बघत होते. पलंग रिकामा. बाटली जागेवर. खडखड थांबली.

आणि आतल्या माइकमधून… श्वास. तोंडाने घेतलेला. लांब. काहीतरी सोसत असल्यासारखा.

सवयीने भाऊंच्या तोंडून गेलं, "झालं, ताई… झालं."

श्वास थांबला.

पडदा हिरवा झाला. 'चित्र स्थिर. तोंड पूर्ण उघडे. डावा सांधा : चकती सरकलेली.'

भाऊंनी प्रिंटचं बटण दाबलं. 'रुग्णाची नोंद नाही.' पुन्हा दाबलं. नाही. मुठीने टेबल ठोकलं, पुन्हा दाबलं. कागद काही येईना. मग पडद्यावरची अक्षरंही पुसली गेली.

आवाज ऐकून काका वर आले. दोघं मिळूनच आत शिरले. बाटली होती तशी होती. शेजारच्या ट्रेमध्ये सकाळसाठी काढलेला नवा ठोकळा, सीलबंद पाकिटात. भाऊंनी पाकीट दिव्याशी धरलं. सील शाबूत होतं.

आत, रबरात, दातांच्या दोन ओळी रुतल्या होत्या. खोल. एकाही दाताचा ठसा हललेला नव्हता.