पाचाच्या आत

"हलू नका... एकच मिनिट," असं म्हणत लॅबवाल्याने चिकट द्रव लावलेली काचपट्टी तिच्या गालावर दाबून धरली. अनोळखी माणसाने इतक्या जवळून बघावं, तेही लालबुंद, पुळ्यांनी भरलेल्या गालाकडे! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चष्म्याच्या दुकानात दिवसभर आरशांमध्ये वावरणारी ती, वर्षभर आरशावरच रुसली होती.

सूक्ष्मदर्शकातून बघत तो म्हणाला, "अठरा किडे. पाचाच्या आत हवेत."

"किडे? माझ्या गालावर?"

"नखाएवढ्या जागेत. असतात सगळ्यांच्याच चेहऱ्यावर, रोझेशियात, म्हणजे तुमच्या या लालीच्या आजारात, गर्दी होते. त्यांच्यामुळे लाली, की लालीमुळे ते... यावर डॉक्टरांचंही एकमत नाही."

"म्हणजे भाडेकरू."

"फुकटे. माझ्याकडेही असतील."

किती दिवसांनी ती हसली.

डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं. दर तीन आठवड्यांनी मोजणी. पुढच्या खेपेला अकरा भरले, आणि तिच्या लक्षात आलं — पाचाच्या आत आले की इथलं येणं संपलं. मलम फडताळात गेलं. मग चौदा, मग एकवीस. गाल नुसते पेटले होते, पण तिचं सगळं लक्ष पुढच्या तारखेकडे.

एका मळभ आलेल्या दुपारी तोच दुकानात आला, पडलेल्या चेहऱ्याने.

"डोळे तपासायचेत. बाई म्हणतात, औषध चालू असताना आकडा वाढेलच कसा, तुमचीच नजर चुकतेय. महिनाअखेर दुसरा माणूस घेणार आहेत."

हातातली फ्रेम तिने खाली ठेवली.

"तुमचा आकडा बरोबर होता. मी... मलम लावत नव्हते."

"का?"

"मोजणी संपली असती."

त्याने खुर्ची मागे सारली. "आठ दिवस झोप नाही मला. वाटलं, डोळे गेले."

"आजच बाईंना सांगते."

"सांगा. आणि मलम लावा." तो मागे न बघता गेला.

तिने मान खाली घालून सगळं कबूल केलं. त्याची नोकरी टिकली. दोन महिने ती न चुकता मलम लावत राहिली. तो मोजायचा, लिहायचा, कामापुरतंच बोलायचा. तिला रडू यायचं, ते ती घरी येईपर्यंत दाबून ठेवायची.

शेवटी तो म्हणाला, "चार. आता यायला नको."

तिने पर्स उचलली. गाल तरीही तापलेच, आणि ते त्याने सूक्ष्मदर्शकाशिवाय बघितलं.

"माझे डोळे तपासायचे राहिलेत," तो हळूच म्हणाला. "उद्या दुकान किती वाजता उघडतं?"