चाळीस मानांचं शून्य

पडद्यावर आकडा उमटला : उणे चार.

"परत एकदा बघा की मॅडम," अश्विनी पाटोळे म्हणाली. "मागच्या दोन बारीलाबी असंच आलं हुतं. डोकं तर माझं आत्ताबी ठणकतंय."

अश्विनी एसटीत कंडक्टर होती. एसटी आता विजेवर धावत होती, तिकीटही यंत्रच देत होतं, पण गर्दीला 'पुढं सरका' म्हणायला अजून माणूसच लागत होता. तिला सातवा महिना चालू होता. तीन महिन्यांपूर्वी अंकलीच्या पुलाजवळ म्हैस आडवी आली, ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि मधल्या जागेत उभ्या असलेल्या अश्विनीच्या मानेला हिसका बसला. तेव्हापासून सकाळी मान धरायची आणि दुपारपर्यंत डोकं ठणकू लागायचं. पोट वाढत गेलं तशी कंबरही जोडीला आली. रक्तदाब, लघवी, सोनोग्राफी, सगळं व्यवस्थित होतं. म्हणून तिच्या बाळंतपणाच्या डॉक्टर नलिनी बिरनाळे यांनी तिला मिरजेच्या मेरुदंड केंद्रात पाठवलं होतं. तिला तिथून मानेवर उपचार हवे होते, आणि बाळंत होईपर्यंत उभ्याचं काम देऊ नये असा डेपोत दाखवायला दाखला हवा होता.

दोन्ही गोष्टी पडद्यावरच्या त्या आकड्यावर ठरणार होत्या.

केंद्राची अभियंता तबस्सुम मुजावर हिने अश्विनीच्या मानेपासून माकडहाडापर्यंत चिकटवलेला मऊ पट्टा पुन्हा एकदा दाबून बसवला. पट्ट्यात तांदळाच्या दाण्याएवढे तीनशे संवेदक होते. दोन मणक्यांमधल्या बारीकबारीक स्नायूंचा ताण ते वाचायचे. आकडा शून्याच्या वर जाऊन तिथे टिकला तरच भिंतीवरचे यंत्रहस्त खाली यायचे आणि अगदी मोजून मापून मणके जुळवायचे. शून्याच्या खाली असेल तर ते जागचे हलायचे नाहीत. निरोगी मानेला उगाच हिसका द्यायचा नाही, त्यातून ती गरोदर बाईची, हा नियम डॉ. सुकुमार मगदूम यांनी स्वतः घालून दिला होता.

"हं?"

डॉ. मगदूम आत आले होते. ते नेहमी मागच्या दाराने येत आणि खुर्चीच्या पाठीशी उभे राहून तेवढंच म्हणत. आईवडिलांनी नाव सुकुमार ठेवलं, पण तो गुण नावातच राहिला. त्यांनी कधी कोणावर हात उगारला नव्हता, आवाजही फारसा चढवत नसत. त्यांची धार शब्दांत होती. वीस वर्षं त्यांनी कायरोप्रॅक्टर म्हणून स्वतःच्या हातांनी लोकांचे मणके बसवले होते आणि त्या हातांचा त्यांना सार्थ अभिमान होता.

पडद्यावरचा आकडा हलला. उणे चार, उणे एक, अधिक तीन, अधिक सात.

तबस्सुमने आकड्याकडे पाहिलं, मग खाली मान घातली.

"वा," डॉ. मगदूम म्हणाले. "तीन वेळा उणे चार आणि मी आल्याबरोबर सात. बाई, मान मुद्दाम आवळली की आकडा वर जातो, हे आम्हाला कळत नाही असं वाटलं का? माणसाला फसवता येतं. यंत्राला नाही."

"मी सोंग करत न्हाई डॉक्टर."

"मग आत्तापर्यंत ताण कुठे गेला होता? चहाला?"

बाहेरच्या बाकावर बसलेल्या दोन बायका हसल्या. अश्विनीने आपल्या हातांनी पट्टा सोडवला आणि पदर सारखा केला. नोंदणीच्या टेबलापाशी डॉक्टरांच्या पत्नी सुनंदाबाई बसत. त्यांनी छापून आलेला दाखला तिच्या हाती दिला : कामास योग्य. तो देताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. अश्विनी गेल्यावर त्यांनी कपाळाला बाम चोळला आणि पुढचं नाव पुकारलं.

*

पंधरा दिवसांनी डॉ. नलिनी बिरनाळे यांचा फोन आला.

"तुमची ती पेशंट, पाटोळे. काल ड्यूटीवर असताना मानेतून अशी कळ गेली की तिथेच गाडीच्या पायरीवर कोसळली. वेळेआधीच कळा सुरू झाल्या. औषधांनी थांबवल्यात. बाळ ठीक आहे, पण आता शेवटपर्यंत तिला पडूनच राहायला लागणार."

"वाईट झालं," डॉ. मगदूम म्हणाले. "पण आमचा आकडा उणे होता."

"तेच विचारायचंय. तुमचं यंत्र म्हणतं, हिची मान निरोगी माणसापेक्षा सैल आहे. मी हात लावला तर पाटासारखी घट्ट लागते. तुम्ही हातांनी काम केलेले आहात, म्हणून विचारते. तुमचा निरोगी माणूस म्हणजे कोण?"

डॉक्टरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की हा प्रश्न आजवर त्यांना कोणी विचारलाच नव्हता.

निरोगी माणसं म्हणजे केंद्रातलीच माणसं. दोन वर्षांपूर्वी यंत्राचं शून्य ठरवायचं होतं तेव्हा कसलीही तक्रार नसलेल्या माणसांच्या माना हव्या होत्या, आणि केंद्रात त्या आयत्या होत्या. नोकरीला लागल्याच्या क्रमाने सर्वांना क्रमांक दिले. पहिला सुनंदाबाईंचा, कारण केंद्र सुरू झालं तेव्हा दोघंच होते. सुनंदाबाईंचं अधूनमधून अर्धं डोकं दुखायचं, पण ते उन्हाचं, असं डॉक्टरांनीच ठरवून टाकलं होतं. ते घरी स्वतःच्या हातांनी त्यांची मान सोडवत, सकाळी बरं वाटे, संध्याकाळी पुन्हा दुखे. सगळ्यांच्या मोजणीच्या वेळी डॉक्टर जातीने हजर होते. डोळ्यांत तेल घालून एकेकाच्या मागे उभे राहिले आणि कोणाची मान ताठ दिसली की म्हणाले, "सैल सोडा. सैल सोडा म्हणतोय ना!"

यंत्र ताण मात्रांत मोजायचं, आणि त्या मोजणीची सरासरी आली एकतीस मात्रा. तेच शून्य ठरलं.

त्यांनी प्रयोगशाळेत जाऊन तबस्सुमला गाठलं. ती पडद्यासमोर बसली होती.

"त्या दिवशी पाटोळेचा आकडा चढताना तू पाहिलास," ते म्हणाले. "तुला काय वाटलं?"

तिने पडद्यावरची नजर काढली नाही.

"अगं, बोल ना."

"सर," ती म्हणाली, "तुम्ही समोर येऊन बसाल का?"

डॉक्टरांना ते विचित्र वाटलं, पण ते स्टूल ओढून समोर बसले. तबस्सुमने खांदे खाली सोडले. हे खांदे आजवर वर होते, हेही त्यांना तेव्हाच कळलं.

"आपण मोजतो त्याला तुम्हीच 'सावधताण' असं नाव दिलंत," ती म्हणाली. "इजा झाली की ती पुन्हा होऊ नये म्हणून मान स्वतःला आवळून धरते. म्हणजे मान झालेल्या दुखण्यामुळे आवळत नाही, पुढे येणाऱ्या दुखण्यासाठी आवळते. बरोबर?"

"बरोबर. मीच शिकवलंय."

"मग ते येणारं दुखणं ब्रेकचंच असलं पाहिजे असं नाही. कोणी मागून बोलणार असेल तरी मान आवळते. मानेला दोन्हीतला फरक कळत नाही."

डॉ. मगदूम स्टूलावर पुढे सरकले.

"पाटोळेबाईंची मान खरी सत्तावीस मात्रांची. आपलं शून्य एकतीसचं, म्हणून उणे चार. तुम्ही मागे येऊन उभे राहिलात, ती अडतीस झाली. त्या सोंग करत नव्हत्या, सर. त्या घाबरल्या. आणि आमची एकतीस मोजली तेव्हा तुम्ही आमच्याही मागे उभे होतात."

"पण सगळेच आकडे तिथे आसपास होते. एकाचाही..." ते थांबले.

"एकाचा नव्हता. आपण मोजल्या एक्केचाळीस माना. धरल्या चाळीस."

"तुकाप्पा माळी," डॉक्टरांना आठवलं.

"बारा मात्रा. तुम्ही म्हणालात, यंत्राची चूक, आणि आकडा खोडलात. तुकाप्पांना ऐकू येत नाही, सर. बागेतून आले, खुर्चीत बसले, खिडकीतून आपल्या जास्वंदीकडे बघत राहिले. तुम्ही मागे आहात हे त्यांना कळलंच नाही."

खिडकीबाहेर तुकाप्पा माळी नळी धरून उभा होता. एक्केचाळीस माणसांत एकच निरोगी मान होती आणि तीच चूक म्हणून काढून टाकली होती. डॉक्टरांचे कान तापले. इतकी लाज त्यांना शाळेत अंगठे धरून उभं केलं तेव्हाही वाटली नव्हती. दोन वर्षांत किती माणसं या शून्याने परत पाठवली असतील? किती जणांना आपण तोंडावर म्हणालो असू, मनाचे खेळ आहेत?

"तुला हे कधीपासून माहीत आहे?"

"दीड वर्ष."

"आणि सांगितलं नाहीस?"

तबस्सुमचा हात नकळत मानेकडे गेला. "दोनदा केबिनच्या दारापर्यंत आले होते," ती म्हणाली. "माझंही चुकलंच. पाटोळेबाईंना परत पाठवल्यापासून मला जेवण गोड लागत नाही."

*

दवाखान्यात अश्विनी डाव्या कुशीवर पडली होती. डॉ. मगदूम खोलीत शिरले ते मुद्दाम वळसा घालून, तिला दिसतील असे समोर गेले.

"बसा की डॉक्टर," ती म्हणाली.

ते उभेच राहिले. इथे येताना त्यांनी बरंच काही जुळवलं होतं, शून्य, मात्रा, सरासरी. त्यातलं काही तोंडातून निघेना.

"तुम्ही खरं बोलत होता," ते म्हणाले. "चूक माझी होती. माझ्या यंत्राची नव्हे, माझी."

"मी खरं बोलतोय ते मला ठावं हुतं," अश्विनी म्हणाली. "ठावं नव्हतं ते तुमाला." मग जरा थांबून तिने विचारलं, "त्या हसलेल्या बायकांना कुणी सांगंल का?"

डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मान हलवली. नवा दाखला त्यांनी उशाशी ठेवला. त्या बायकांची नावं नोंदणीच्या वहीतून शोधून दोघींना त्यांनी स्वतः फोन केले. नंतर परत पाठवलेल्या सगळ्यांना पत्रं लिहायला बसले. प्रत्येक पत्रात 'चूक माझी होती' हे तीन शब्द यायचे, आणि प्रत्येक वेळी ते लिहिताना पेन अडायचं.

यंत्राचं शून्य मात्र नव्याने घ्यावं लागणार होतं, आणि त्याला एकच अट होती : डॉ. मगदूम केंद्रात नसले पाहिजेत.

"गुरुवारी मी कोल्हापूरला जातो," ते तबस्सुमला म्हणाले. "त्याच चाळीस माना घे. मी दिवसभर फिरकणार नाही, हे सगळ्यांना आधी सांग."

गुरुवारी सकाळी ते निघाले तेव्हा सुनंदाबाई डबा घेऊन दारात आल्या. "किती वाजता येणार?" त्यांनी विचारलं. एकतीस वर्षं, रोज, न चुकता त्यांनी हा प्रश्न विचारला होता. आपली कोणी वाट पाहतं याचं डॉक्टरांना मनातून बरं वाटे.

"सहा-साडेसहापर्यंत," ते म्हणाले.

*

पाच वाजता कोल्हापुरात, रंकाळ्याच्या कट्ट्यावर, तबस्सुमचा फोन आला.

"झालं, सर. सरासरी तेरा. तुकाप्पांपेक्षा एकच मात्रा जास्त."

तेरा. म्हणजे अश्विनीची मान निरोगी मानेच्या दुप्पट आवळलेली होती, आणि आपण तिला उणे म्हटलं. डॉक्टर खिन्नपणे हसले. आपण नसलो की आपली माणसं अशी असतात तर. लाज वाटत होती, पण तिच्या तळाशी थोडा सुटल्याचा भावही होता. चूक सापडली होती, आता दुरुस्त होणार होती.

"सगळ्यांची उतरली ना?"

"एकोणचाळीस जणांची."

"आणि एक?"

"त्या मानेत काही फरक नाही. दोन वर्षांपूर्वी चौतीस होती, आजही चौतीस. ती मी सरासरीत धरली नाही."

"पट्टा नीट बसला नसेल. यंत्राची..." ते बोलता बोलता थांबले. हे वाक्य त्यांनी पूर्वी एकदा म्हटलं होतं.

"तीनदा घेतली, सर."

"कोणाची?"

"क्रमांक एक," ती म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.

तळ्याच्या कडेला मुलं भेळ खात होती. डॉ. मगदूम कट्ट्यावर बसून होते. गणित अगदी सोपं होतं, त्यांनीच शिकवलेलं. मान येणाऱ्या दुखण्यासाठी आवळते. एकोणचाळीस जणांसाठी आज कोणी येणार नव्हतं. उन्हाचं डोकं संध्याकाळी का दुखतं, हेही त्यांनी कधी विचारलं नव्हतं. सकाळी आपणच सोडवायचो आणि संध्याकाळी आपल्यासाठीच ती पुन्हा आवळायची.

फोन पुन्हा वाजला. सुनंदाबाई होत्या.

"अहो, निघालात का? किती वाजता येणार?"

घड्याळात सव्वापाच झाले होते. मिरज तासाभराच्या अंतरावर होती. उत्तर सोपं होतं, पण ते त्यांच्याच्याने देववेना.

"का गं विचारतेस?" ते म्हणाले. शक्य तेवढ्या हळू आवाजात म्हणाले, तरी पलीकडे श्वास अडखळल्याचं त्यांना ऐकू आलं.

"काही नाही," सुनंदाबाई घाईने म्हणाल्या. "आधी कळलं की बरं पडतं."